माझी सूज आणि महानंदाची चळत

सकाळी उठल्यावर हाताची मूठ वळत नाही आणि दिवसभर कशात मन लागत नाही, या दोन तक्रारी एकमेकींच्या सख्ख्या असू शकतात, हे मला एक्कावन्नाव्या वर्षी कळलं. तोवर पहिली मी वयावर ढकलत होते. दुसरी तर तक्रार असते हेच मला मान्य नव्हतं. "मन लागत नाही" असं कुणी म्हटलं की माझं उत्तर तयार असायचं. हात लावा, मन मागून येतं.

हे लिहायचं सुचलं ते सांधेवाताच्या डॉक्टरांकडच्या बाकावर. तिथं बसलेल्या बायका एकमेकींना गुडघे दाखवतात, बोटं दाखवतात, कुठल्या गोळीनं पित्त झालं ते सांगतात. पण "मी तीन-तीन तास भिंतीकडे बघत बसते" हे एकही सांगत नाही. मीही सांगितलं नव्हतं. लपवता लपवता माझ्या हातून एका बाईचं मोठं नुकसान झालं. तिचं नाव मी इथं महानंदा असं बदलून घेतलं आहे. आजाराचं वेगळं आणि तिचं वेगळं असं लिहायचा प्रयत्न करून पाहिला. जमलं नाही.

पहिली चळत

जुळे सोलापुरात आमच्या घरामागे पत्र्याची शेड आहे. तिथं मी वीस वर्षं कडक भाकरीचं काम चालवते. ज्वारीचं पीठ उकळत्या पाण्यात मळायचं, भाकरी पातळ थापायची, तव्यावर भाजायची आणि मग मंद आचेवर पापडासारखी होईपर्यंत वाळवायची. ऐकायला सोपं आहे. पण भाकरी मध्ये जाड राहिली तर वरून खणखणीत वाटते आणि पाकिटात चार दिवसांत मऊ पडते. मग बुरशी येते. म्हणून आमच्याकडे प्रत्येक बाईनं आपल्या भाकरींची चळत वेगळी लावायची आणि तिच्यावर नावाची चिठ्ठी ठेवायची. पाकिटावरही तिच्या नावाचं अक्षर येतं. दुकानातून तक्रार आली की हात कुणाचा ते लगेच कळतं. नियम माझाच, आणि मला त्याचा अभिमान होता.

माझ्याकडे सात बायका. त्या आठला यायच्या. त्याआधी पहिली चळत मी स्वतः करून ठेवायचे. त्यातली एक भाकरी उचलून दाखवायची, "अशी हवी" म्हणायचं, की काम सुरू. माझ्या चळतीवर चिठ्ठी नसायची. ती तपासायची कुणाला गरजच नव्हती.

महानंदा वैरागकडची. नवरा गेल्यावर मुलीला घेऊन सोलापुरात आली आणि तिच्या चुलत बहिणीनं तिला माझ्याकडे आणलं. पहिले काही आठवडे ती परातीसमोर नुसती बसून राहायची. मी माझं ठरलेलं वाक्य तिला ऐकवलं. तिनं मान खाली घालून ऐकलं, आणि दोन वर्षांत तिची भाकरी थेट माझ्यासारखी व्हायला लागली. आमच्यातली सगळ्यात जुनी भौरम्मा, अक्कलकोटची, मला कानडीत अव्वा म्हणजे आई म्हणायची. ती म्हणायची, "अव्वा, तुम्ही वर गेलात की वर्षश्राद्धाला हिच्याच हातची भाकरी ठेवू. स्वतःचीच समजून खाल, पत्ता लागायचा नाही."

सगळ्या हसायच्या. मीही हसायचे.

ओले केस

गणपती झाले आणि बोटांची पेरं सुजायला लागली. सकाळी नळ फिरवता येईना, ब्लाउजचे हूक लागेनात. दहा-साडेदहापर्यंत हात सैल पडायचे, म्हणून मी म्हणायचे, थंडीचं आहे. सोलापुरात ऑक्टोबरात कसली थंडी, हे यांनी विचारलं नाही. आमचे हे शाळेत क्लार्क होते, आता निवृत्त आहेत. वाद टाळण्यात त्यांची हयात गेली.

नुसत्या हातांचं मी निभावून नेलं असतं. पण त्याच महिन्यात दुसरंही सुरू झालं. भाजीवाल्याशी घासाघीस करायला मला आवडायचं, ते नको वाटायला लागलं. मुलीचा पुण्याहून फोन आला की तो वाजून बंद होईपर्यंत मी त्याच्याकडे बघत राहायचे. दुःख होत होतं असं म्हणता येणार नाही. दुःख असतं तर त्याचं कारण शोधलं असतं. पाठीवर पिठाचं पोतं घेऊन दिवसभर चालावं आणि ते उतरवायला जागाच सापडू नये, तसं होतं.

आंघोळ सुटली. हे लिहिताना आजही हात अडखळतो. मी बाथरूममध्ये जायचे, नळ सोडायचे, उलट्या बादलीवर बसून राहायचे. मग पुढचे केस ओले करायचे, साडी बदलायची आणि बाहेर यायचे. घरात सगळ्यांना स्वच्छतेवरून बोलणारी बाई मी. असे किती दिवस गेले ते मी मोजलं नाही.

अदलाबदल

डिसेंबर लागेपर्यंत माझी भाकरी बिघडली होती. हात पसरत नव्हता, त्यामुळे मध्ये गोळा राहायचा. कड चिरायची. पहाटे पाचला उठून मी थापायचे आणि समोर ती वेडीवाकडी चळत बघून घाबरायचे. आठ वाजता बायका येणार, त्यांना मी काय दाखवणार.

शेडमध्ये आदल्या दिवशीच्या भाकरी जाळीवर असायच्या, सकाळी पाकिटात भरायला. महानंदाची चळत माझ्या जागेजवळ. एके दिवशी मी तिच्यातल्या वरच्या पंधरा-वीस भाकरी काढल्या, तव्यावर जरा गरम केल्या आणि माझ्या जागी ठेवल्या. माझ्या वाकड्यांपैकी ज्या त्यातल्या त्यात बऱ्या होत्या, त्या तिच्या चळतीत मधोमध घातल्या. वर तिचीच चिठ्ठी ठेवली.

आठला मी महानंदाची भाकरी उचलून सगळ्यांना दाखवली आणि म्हटलं, "अशी हवी."

एकदा केलं म्हणून संपलं नाही. तीन आठवडे चाललं. रोज ठरवायचे की आज शेवटचं, उद्या सांगून टाकू की हात दुखतात, उद्यापासून पहिली चळत महानंदा करेल. एवढं सोपं होतं. पण ते सांगितलं की लोक विचारणार, आणि काय होतंय, आणि मग हातांच्या मागं लपवलेलं ते दुसरं बाहेर येणार, असं वाटायचं.

मग पुण्याच्या दुकानदाराकडून पाकिटं परत आली. मऊ पडलेली, हिरवट. सगळ्यांवर "म". मी ती शेडमध्ये मधोमध ठेवली. सगळ्या बघत होत्या.

"हे काय गं? हात कुठं गहाण टाकून आलीस?"

महानंदानं एक भाकरी उचलली, कडेवरून बोट फिरवलं, उजेडाकडे धरली. मग माझ्याकडे बघितलं.

"बोल की. का आजकाल परत मन लागत नाही?" मी म्हणाले. "उद्यापासून येऊ नकोस."

ती उठली, हात धुतले, पदर सारखा केला आणि गेली. त्या आठवड्यात आमच्या भागातल्या दोन शेडवाल्यांनी तिच्याबद्दल मला फोन करून विचारलं. मी म्हटलं, "हात गेलाय तिचा." हे कुणी माझ्याकडून वदवून घेतलं नव्हतं. त्यांनी तिला घेतलं नाही.

दवाखान्याचा दिवस

जानेवारीत गड्ड्याची जत्रा उठल्यावर मी डॉक्टरांकडे गेले. त्याआधी निरगुडीचा शेक झाला होता, वांगी-बटाटे बंद करून झाले होते. डॉक्टरांनी माझं एकेक पेर दोन बोटांत धरून दाबलं. प्रत्येक वेळी माझ्या तोंडाकडे बघत. मग रक्ताचे कागद बघितले आणि सांगितलं, हा सांधेवात वयाचा नाही. शरीराची राखण करणारी जी व्यवस्था असते तीच उलटली आहे. राखणीचं कुत्रं घरच्यांनाच चावायला लागलंय म्हणा.

"आणि मन कसं आहे?"

"चांगलं आहे," मी म्हणाले.

"ती आंघोळ करत नाही," हे म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते डॉक्टरांच्या टेबलाकडे बघत होते.

"केस पुढूनच ओले असतात," ते म्हणाले. "मागं वेणी कोरडी असते. तीन महिने झाले."

तीस वर्षांच्या संसारात मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. त्यांना माहीत होतं. रोज माहीत होतं, आणि रोज मी बाहेर आले की ते विचारायचे, "झाली आंघोळ? चहा टाकू?"

डॉक्टर हसले नाहीत की दचकलेही नाहीत. ते म्हणाले, ताप आला की आपल्याला जेवावंसं, बोलावंसं वाटत नाही, गोधडीत पडून राहावंसं वाटतं. ते आळसानं नसतं. अंगातल्या लढाईचा निरोप मेंदूला जातो आणि मेंदू म्हणतो, पडून राहा. तुमच्या अंगात ही सूज कित्येक महिने आहे. निरोप थांबलेलाच नाही. काही माणसांत उदासी अशी सुजेबरोबर येते.

"म्हणजे हे मनाचं नाही?" मी विचारलं. "रक्ताचं आहे?"

"असं तोडून सांगता येत नाही. सूज असलेला प्रत्येक जण उदास होत नाही, आणि उदास असलेल्या प्रत्येकाला सूज नसते. तुमच्यात दोन्ही आहे. दोन्हीकडं बघावं लागेल." त्यांनी सांध्यांच्या गोळ्या दिल्या, आणि मनोविकाराच्या डॉक्टरांच्या नावानं एक चिठ्ठी.

त्या दिवशी रिक्षात बसताना कित्येक महिन्यांनी मला हलकं वाटलं. त्याचं कारण सांगते. मी त्यांच्या बोलण्यातला निम्माच भाग घरी आणला. सूज मेंदूपर्यंत जाते, म्हणजे माझं काही चुकलं नाही. जे झालं ते सुजेनं केलं. आंघोळ तिनंच थांबवली. आणि मग मी तिच्या पदरात आणखी एक गोष्ट टाकली. महानंदाचंही तिनंच केलं.

दुसरी चिठ्ठी मी देव्हाऱ्याच्या खणात टाकली, वातीच्या कापसाखाली.

सूज उतरली

इथं एक कामाचं सांगते. सांधेवाताची माझी मुख्य गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज नाही. डॉक्टरांनी हे तीनदा बजावलं आणि यांनी कॅलेंडरवर रविवार लाल पेनानं खुणावले. तुमची गोळी अशीच असेल तर घरात दोघांना तरी ते माहीत असू द्या. रक्त तपासायला सांगतील तेव्हा तपासा.

विचारायला येणाऱ्यांना मी सांगायचे, "रक्तातली सूज आहे, त्यानं थकवा येतो." थकवा हा शब्द बरा. त्याला कुणी नाव ठेवत नाही. मुलगी पुण्याहून आली आणि म्हणाली, "आई, दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलीस?" मी म्हटलं, "सूज उतरली की सगळं उतरेल. डॉक्टरांनीच सांगितलंय." डॉक्टरांनी असं काही सांगितलेलं नव्हतं.

एप्रिलपर्यंत खरंच सूज उतरली. मूठ वळली. डॉक्टर माझी बोटं दाबून खूश झाले. त्यांनी मनाचं विचारलं तेव्हा मी म्हटलं, "तेही बरं आहे." यावेळी हे बाहेर गाडी लावत होते.

मन बरं नव्हतं. उलट आता तर सुजेचंही निमित्त राहिलं नव्हतं. मी विचार करायचे, रक्त चांगलं, बोटं चांगली, तरी मी अशी, म्हणजे मीच वाईट. मे महिन्यातल्या एका दुपारी, पत्रा तापून शेड ओस पडलेली असताना, मनात आलं की मी नसले तर सगळे सुटतील. तो विचार ओरडत आला नाही, अगदी शहाण्यासारखा, हलक्या आवाजात आला, म्हणून मला त्याची भीती वाटली. मी उठून घरात गेले आणि यांना सांगितलं. त्या वर्षात माझ्या हातून झालेलं ते पहिलं नीट काम. तुमच्याही मनात असं आलं तर ते घोळवत बसू नका, त्याच तासाला कुणाला तरी सांगा. माणूस कोण आहे ते नंतर बघता येतं.

यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. चप्पल घातली. "चल," म्हणाले. देव्हाऱ्याच्या खणातून चिठ्ठी त्यांनीच काढली. तीही त्यांना माहीत होती.

नऊ दिवस

मनोविकार विभागात मी नऊ दिवस होते. आत जाताना परकराची नाडी काढून घेतात, पदराच्या पिना काढून घेतात, आणि सैल इलॅस्टिकचा गाऊन देतात. वीस वर्षं बायकांना शिस्त लावणारी मी, एक हात गाऊनला धरून उभी होते. सकाळी सहाला चहा. सातला गोळ्या. सिस्टर जीभ उचलायला लावून बघायची, गिळली का. शेजारच्या खाटेवरची आजी रोज विचारायची, "तुला कुणी सोडलंय हितं?" मी म्हणायचे, "नवऱ्यानं." ती म्हणायची, "चांगलाय की मग. माझ्याला रस्ता बी सापडला नसता."

तिसऱ्या दिवशी वॉर्डातल्या मावशी तेलाची बाटली आणि पाण्याचा मग घेऊन आल्या. "चला, डोकं धुऊ." किती दिवस झाले ते त्यांनी विचारलं नाही. गुंता सुटेना तेव्हा कात्री आणली, विचारून थोडे केस कापले. मला वाटलं होतं रडू येईल. झोप आली.

मनाच्या डॉक्टर बार्शीच्या होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी सांगितलं, "या आजारात माणूस सगळ्याचा दोष स्वतःकडे घेतो. तुम्हाला कशाकशाचं वाईट वाटतं ते कागदावर लिहा." मी दोन पानं भरली. मुलीच्या लग्नात दागिना कमी पडला. सासू वारली तेव्हा मी शेडमध्ये होते. शेजारच्यांचं लिंबाचं झाड वाळलं. खरंच लिहिलं होतं मी ते. पंधरावं की सोळावं होतं, कामावरच्या बाईला काढून टाकलं.

डॉक्टर एकेका ओळीवर बोलल्या. कामावरच्या बाईच्या ओळीवर आल्या आणि म्हणाल्या, "बघा, हेही तसंच. माणसं कामावर ठेवली की कधी काढावी लागतात. आजार त्याचा डोंगर करतो."

अदलाबदलीचं लिहिलंच नव्हतं, तर त्यांना कसं कळणार. त्यांनी त्या ओळीवर पेनानं रेघ मारली आणि मी ती मारू दिली.

उरलेली ओळ

गोळ्यांनी काम केलं, पण सावकाश. जुलैत मी भाजीवाल्याशी घासाघीस केली आणि घरी येऊन यांना सांगितलं, तर ते इतके खूश झाले की दोन रुपयांची कोथिंबीर दोन दिवस दाखवत फिरले. दोन पानांवरच्या ओळी एकेक करून गळल्या. लिंबाच्या झाडाचं आठवून हसू आलं. सासूबाईंचं वाईट वाटायचं, पण तेवढंच, जेवढं वाटायला हवं.

महानंदाची ओळ गळली नाही. उलट डोकं जसं स्वच्छ होत गेलं तशी ती ठळक झाली. मला वाटलं, गोळीचा डोस कमी पडतोय. मग एका सकाळी भाकरी थापता थापता लक्षात आलं की ती ओळ आजाराची नाहीच. बाकीच्या ओळी आजारानं लिहिल्या होत्या. ही खरी होती.

मी यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तू आजारी होतीस. डॉक्टरच म्हणाले, सूज डोक्यापर्यंत गेली होती."

"सुजेनं मला आंघोळ करू दिली नाही," मी म्हटलं. "पण पहाटे उठून शेडमध्ये जायला, तिच्या वीस भाकरी मोजून काढायला मला जमत होतं की. त्या फोनवर बोलायला जमत होतं."

"कशाला उकरतेस? आत्ता कुठं बरी झालीस. परत काही झालं तर?"

ही भीती खरी होती, माझीही. महिनाभर आमच्यात त्यावरून धुसफूस चालली. शेवटी मी मनाच्या डॉक्टरांना खरं ते सांगितलं. त्या थोडा वेळ पेन फिरवत बसल्या आणि म्हणाल्या, "याला माझ्याकडे गोळी नाही. जाताना एकट्या जाऊ नका."

महानंदाच्या खोलीवर

हे मला स्कूटरवर घेऊन गेले आणि गल्लीच्या तोंडाशी थांबले. महानंदा एका मंगल कार्यालयात भांडी घासत होती. लग्नाच्या तिथी नसल्या की काम नाही. मुलीची बारावी झाली होती आणि पुढचं थांबलं होतं. हे मला दारातच कळलं, कारण मुलीनं दार उघडलं, मला बघितलं आणि आत न बोलावता म्हणाली, "आई, त्या आल्यात."

मी बसले. काय केलं ते सांगायला सुरुवात केली. महानंदानं मध्येच थांबवलं.

"मला ठावं हाय, काकू."

"काय?"

"तुमची करंगळी दबत न्हाय. पहिल्यापास्नं. तुमच्या भाकरीच्या कडंला एका जागी उंचवटा ऱ्हातोय. माझ्या चळतीत त्याच भाकरी बघितल्या की मी. पहिल्याच दिवशी."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, काकूंचं हात दुखत असतील, त्यांना सांगायला लाज वाटत असंल. दोन दिसांत सांगतील. तुमी सकाळी माझीच भाकर धरून म्हनायचा, अशी हवी. मी मनात म्हनायची, असू दे, चांगलंच म्हनतायत की आपल्याला. काढून टाकलं तरी आठ दिस वाट बघितली. वाटलं, निरोप येतोय."

मी तेव्हा अशी काही वागले की त्याचीही लाज वाटते. मी तिला सूज समजावून सांगायला लागले. राखणीचं कुत्रं, मेंदूला जाणारा निरोप, दोन डॉक्टर, दोन तऱ्हेच्या गोळ्या. ती शांतपणे ऐकत होती. मुलगी भिंतीला टेकून उभी होती.

"सुजंनं भाकर वाकडी झाली," महानंदा म्हणाली, "त्याचं काय न्हाय. कुनाची बी हुईल. मन मेलं, त्याचं बी काय न्हाय. मालक गेले तवा माझं मेलं व्हतं. तुमी म्हनला व्हता, हात लाव." ती हे टोमण्यासारखं म्हणाली नाही. "पर चिठ्ठी कुनी लावली, काकू?"

"मी."

"हां."

मी म्हटलं, परत ये. पहिली चळत तू कर. ती म्हणाली, "न्हाय." मग म्हणाली, "जितं बोलला तितं बोला. सगळ्यांम्होरं. आन् ज्यांना फोनवर सांगितलं त्यांना बी सांगा. माझा हात हाय अजून."

शेडमध्ये

दुसऱ्या दिवशी आठ वाजता मी बायकांसमोर उभी राहिले आणि सांगितलं. वाक्यं पाठ करून गेले होते, तरी दोनदा पाणी प्यावं लागलं. सुजेचं सांगितलं नाही. उदासीचं आणि आंघोळ सुटल्याचं एका वाक्यात सांगितलं, कारण ते लपवण्यातूनच सगळं सुरू झालं होतं, पण कारण म्हणून सांगितलं नाही.

मग एक म्हणाली, "आमच्या चळतीत किती घातल्या?"

"एकही नाही."

"कशावरनं?"

भौरम्मा पिठात हात घालून बसली होती. ती वर न बघता म्हणाली, "अव्वा, आंघोळीचं आधी सांगितलं असतं तर मी घातली असती की. त्यात काय." त्या दोन शब्दांनी, त्यात काय, मला जितकं लागलं तितकं त्या दिवशी दुसरं काही लागलं नाही. उरलेल्या सहापैकी दोघींनी पुढच्या महिन्यात काम सोडलं. मी अडवलं नाही.

फोन दोन्ही केले. एक शेडवाल्या बाई "बरं बरं" म्हणून ठेवून मोकळ्या झाल्या. विजापूर रोडकडच्या दुसऱ्या बाईंनी मला दहा मिनिटं ऐकवलं, आणि महानंदाचा पत्ता घेतला. ती आता तिथं आहे. त्यांची भाकरी आमच्यापेक्षा चांगली जाते. तिच्या मुलीनं यंदा कॉलेजात नाव घातलं, असं कानावर आलं. तिचं एक वर्ष गेलं ते गेलंच.

सूज आणि उदासी यांचं नातं खरं आहे. ते मला आधी कळलं असतं तर मी लपवलं नसतं, असं म्हणायचा मोह होतो. नक्की सांगता येत नाही. बाकावरच्या बाईला एवढंच सांगेन की डॉक्टर मनाचं विचारतील तेव्हा खरं सांगा, आणि न विचारलं तरी सांगा. एका गोळीनं दोन्ही जाईल असं धरून बसू नका. आणि आजारपणात तुमच्या हातून कुणाचं काही झालं असेल तर तेही बघा, डोकं जरा स्वच्छ झाल्यावर.

महानंदा मला मागच्या महिन्यात मंडईत दिसली. आम्ही एकाच मेथीवाल्यासमोर उभ्या होतो. मला वाटलं, ती दुसरीकडे वळेल. ती वळली नाही. जुडी हातात घेऊन मुळं बघत म्हणाली, "गोळ्या चालू हायत?"

"चालू आहेत."

"दोनी?"

"दोन्ही."

"सोडू नका," ती म्हणाली, आणि मेथीवाल्याला भाव विचारायला लागली.